डाव्या हाताची गाठ

लाइट काही आता तासाभरात येत नाही, गजेंद्र. दर दोन मिनिटांनी त्या खांबाकडे बघू नकोस, बस खाली. कुंदन, तूही सरक थोडा. बिडी मी एकटाच ओढणार, तुम्ही फक्त ऐकायचं. आणि ही मनानं रचलेली गोष्ट नाही, हे आधीच सांगून ठेवतो. ज्याच्यावर बेतली तो माणूस अजून आहे, डिंडोलीला राहतो. ज्या घरात शेवट झाला ते घर इथून चौथ्या गल्लीत. हसू आलं तर उठून घरी जायचं, मला राग येणार नाही.

साल चौऱ्याण्णव. डिसेंबरची एकतीस तारीख, वार शनिवार. तुमच्या लेखी थर्टी फर्स्ट, आमच्या लेखी मार्गशीर्षातली अमावास्या लागलेली रात्र. सुकदेव नावाचा एक माणूस सुरतच्या एस.टी. स्टँडवर उतरला तेव्हा बारा वाजायला वीस मिनिटं कमी होती. खांद्यावर पत्र्याची पेटी. पेटी त्याची नव्हती, लोटूची होती. लोटू म्हणजे त्याचा जोडीदार. दोघं अमळनेरकडचे, एकाच गावचे, आणि इथे लिंबायतला कापडाच्या एकाच खात्यात, म्हणजे कारखान्यात, शेजारशेजारच्या मागांवर बारा वर्षं उभे राहिलेले. लोटूला जाऊन अकरा दिवस झाले होते. ती पेटी त्याच्या बायकोला, पार्वतीला, पोचती करायची आणि तो कसा गेला ते तिला खरं खरं सांगायचं, एवढ्यासाठी सुकदेव आला होता. पेटी हलकी होती. दुसरं काम त्याच्यानं होईल असं त्याला स्वतःलाच वाटत नव्हतं.

आता ते दोघं कुठे होते ते सांगतो, नाहीतर तुम्हाला कळायचं नाही.

त्या वर्षी गणपती बुडाले आणि शहरात प्लेग आला. तुम्ही तेव्हा शाळेत होता. निम्मं लिंबायत एका रात्रीत गावाला पळालं. महिन्याभरानं माणसं परत आली तर खात्यांना कुलपं. आमच्या खात्यात सोळा माग, त्यातले चार चालू. सूत महाग, कापडाला गिऱ्हाईक नाही, मालक म्हणतो दिवाळीनंतर बघू. दिवाळी झाली तरी तो बघेना. चहाच्या टपरीवर माणसं सकाळपासून नुसती बसलेली असायची, आणि तिथे एक मुकादम यायला लागला. आपल्याच बाजूचा, गोड बोलायचा. वर डोंगरात नदीवर मोठं धरण बांधतायत म्हणे, माणूस कमी पडतोय. धरणाचं नाव मी घेत नाही. ज्याचं पाणी उद्या प्यायचं त्याचं नाव अशा गोष्टीत कशाला आणा.

तर सुकदेव आणि लोटू गेले. सुकदेव सांगायचा, पहिल्या दिवशी तो भिंतीखाली उभा राहून वर बघत होता तर मान दुखायला लागली, तरी माथा दिसेना. रात्रंदिवस काम. बाकी देशात सगळं बंद पडलं असेल, तिथे मात्र काही थांबत नव्हतं. सिमेंट कालवताना त्यात बर्फ घालायचे. खोटं नाही सांगत. एवढा मोठा थर ओतला की आतून तापतो आणि तडकतो, म्हणून बर्फ. आणि ओतून झालं की त्यावर पाणी मारत राहायचं, पंधरा-पंधरा, वीस-वीस दिवस, म्हणजे ते पक्कं होतं. लोटूला ते पाणी मारायचं काम फार आवडायचं. म्हणायचा, लेकरू न्हाऊ घातल्यासारखं वाटतं.

पण प्लेटा काढायच्या दिवशी दोघांना भिंतीवर लटकावं लागायचं. थर पक्का झाला की बाहेरच्या लोखंडी प्लेटा काढायच्या. कंबरेला नायलॉनचा दोर, आणि त्याची गाठ पाठीमागे. आपल्या पाठीची गाठ आपल्याला मारता येत नाही, म्हणून तिथे रीतच होती की जोडीदारानं जोडीदाराची गाठ मारायची. सुकदेव लोटूची मारायचा, लोटू सुकदेवची.

आता गाठीचं ऐका. तुम्ही मार्केटात साड्यांच्या घड्या घालणारी पोरं, तुम्हाला मागावरची गाठ ठाऊक नाही. सुताचा तार तुटला की दोन टोकं बोटांत धरायची, थुंकी लावायची, एका वळशात गाठ घालायची आणि उरलेली शेपटं दातानं तोडायची. कट्. डोळ्याचं पातं लवायच्या आत. गाठ इतकी बारीक आणि चपटी पाहिजे की फणीच्या दातांतून सुळकन गेली पाहिजे. जाड गाठ अडकते, कापडाला भोक पडतं. त्या खात्यात मास्तर मी होतो. सुकदेवला आणि लोटूला ती गाठ मी शिकवली. जाड मारली की बोटांवर पट्टी मारायचो, आणि पुढे दोघांच्या गाठी एवढ्या देखण्या व्हायला लागल्या की शेजारच्या खात्यातल्यांना बोलावून दाखवायचो. लोटू डावखुरा. त्याच्या गाठीचा वळसा उलटा पडायचा. कापड पाठीमागून बघितलं की मी लांबून सांगायचो, हा तार सुकदेवनं जोडला, हा लोटूनं. माणसाची सही असते ना, तसं होतं ते.

वीस डिसेंबर, सकाळचे साडेनऊ. लोटूचा दोर आखूड पडला. मुकादमानं दुसरा तुकडा फेकला, म्हणाला जोडून घ्या. त्यानं आधीच दाखवून ठेवलं होतं, दोन तुकडे जोडायचे तर कसे, भली मोठी दुहेरी गाठ, हातभर शेपटं सोडून. सुकदेवला ती गाठ बघूनच हसू यायचं, इतकी बेढब. त्यानं लोटूच्या पाठीमागे उभं राहून आपली मारली. बारीक, चपटी. शेपटं सुद्धा चाकूनं कापून टाकली, बारा वर्षांची खोड. लोटूनं मान न वळवता विचारलं, "नीट मारी ना?"

"मास्तरनी शिकाडेल शे," सुकदेव म्हणाला. म्हणजे मास्तरनं शिकवलेली आहे.

ती गाठ सुताला धरते, पोरांनो. ओल्या, बुळबुळीत, अंगठ्याएवढ्या नायलॉनला धरत नाही. हे मला तेव्हा कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं का? मलाही ठाऊक नव्हतं.

लोटू प्लेटेवर जोर देऊन मागे रेलला आणि गेला. ओरडलासुद्धा नाही. सुकदेवच्या हातात वरचा तुकडा राहिला, टोकाला गाठीचा नुसता पीळ उरलेला.

मुकादम धावत आला. खाली बघितलं, वर बघितलं, आणि पहिला प्रश्न विचारला, "गाठ कोणी मारी?"

सुकदेव घाबरला. त्याला स्वतःची बायको रंजना दिसली, दोन पोरी दिसल्या, पोलिसाची गाडी दिसली. आणि तोंडातून निघून गेलं, "त्यानीच."

बस. एकच शब्द. साहेब लोक आले, त्यांनी तेच कागदावर लिहिलं. मयतानं स्वतःचा दोर स्वतः निष्काळजीपणे बांधला. पाठीमागची गाठ माणूस स्वतः कशी मारेल, हे एकानंही विचारलं नाही, विचारणं कोणाच्याच सोयीचं नव्हतं. लोटूला तिथेच नदीकाठी जाळलं. इथे तार आली, आणि तारेच्या मागोमाग मुकादमाच्या माणसांनी गल्लीत पसरवलं की लोटू बेफिकीर होता, कदाचित पिऊन असेल. लोटू चहासुद्धा दोनदा पीत नव्हता.

सुकदेव अकरा दिवस धरणावरच्या मजुरांच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये झोपला नाही. त्याला आपल्या हातांची किळस यायला लागली होती, असं तो सांगायचा. जेवताना घास उचलला की बोटं दिसायची आणि घास खाली ठेवायचा. शेवटी त्यानं ठरवलं, पार्वतीवहिनीला जाऊन सांगायचं. लोटूची पेटी घेतली, काथ्याच्या दोरानं बांधली. बांधताना मुद्दाम मुकादमाची गाठ मारली. जाड, दुहेरी, शेपटं हातभर. बारीक गाठ आता जन्मात मारायची नाही, अशी त्यानं शपथ घेतली होती.

तर आता या परत एस.टी. स्टँडवर. बारा वाजायला वीस.

रिक्षावाला लिंबायत म्हटल्यावर मान हलवून निघून गेला, त्या दिवसांत अजून प्लेगची भीती गेली नव्हती. सुकदेव पायी निघाला. चार पावलं गेला तर पेटीचं झाकण वाजलं. बघतो तर दोर सुटून लोंबतोय. बस खडखडत आली, सैल झाला असेल, त्यानं मनाशी म्हटलं. पेटी खाली ठेवली आणि दिव्याखाली पुन्हा मुकादमाची गाठ मारली. गुडघा लावून आवळली. कुठेतरी कोणीतरी फटाके लावले. बारा वाजले असतील.

लिंबायतच्या गरनाळ्यापाशी आला तेव्हा रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. रेल्वेखालचं ते गरनाळं तुम्ही दिवसा दहा वेळा ओलांडता. तेव्हा आतला दिवा फुटलेला. वरून पाणी ठिबकायचं बारा महिने. आत शिरला. मध्यावर आला, आणि वर मालगाडी आली.

लांबलचक मालगाडी. खटक खटक, खटक खटक. सुकदेवला वाटलं, खात्यात उभे आहोत. सोळाही माग चालू आहेत. शेजारी...

त्यानं शेजारी बघितलं नाही.

गाडीचा आवाज चालूच. आणि त्या आवाजात, उजव्या कानाशी, जिथे खांद्यावर पेटी होती तिथे, अगदी जवळ... थू. बारीक. तार जोडायच्या आधी बोटाला थुंकी लावतात, तसं.

सुकदेव थांबला.

खांद्यावर पेटी जराशी हलली. दोर पत्र्यावरून सरकल्याचा आवाज. कोणीतरी ओढतंय. घाई नाही. सावकाश...

आणि मग, कट्.

दातानं.

तो पळाला. पेटी टाकून पळावं हेसुद्धा सुचलं नाही. गाडी निघून गेली, गरनाळं मागे राहिलं, तरी तो पळतोय. खांदा ओला झाला. गार. गरनाळ्यातलं पाणी असेल, त्यानं म्हटलं. पण ते पाणी बर्फासारखं गार होतं, आणि त्याला सिमेंटचा वास येत होता. तो वास त्याला चांगला ठाऊक होता. गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत त्यानं एकदाही पेटीकडे बघितलं नाही.

पार्वतीच्या घरात बल्ब जळत होता. ती जागीच होती. साड्यांचे लोंबते धागे कापायचं काम घरी आणायची ती, मांडीवर साडी, हातात छोटी कात्री. दारात सुकदेवला बघून उठली. पदर सावरला. "ये भाऊ, बठ," म्हणाली, आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. सुकदेवनं पेटी उंबऱ्याच्या आत, अंधाऱ्या बाजूला ठेवली आणि पाणी एका दमात प्यायला.

ती समोर बसली. रडली नाही. बराच वेळ कात्री उघडमीट करत राहिली.

"दहाव्याला आम्ही तापीवर गेलो होतो," ती म्हणाली. "दोन तास बसलो. कावळा शिवला नाही. भटजी म्हणाले, काही राहिलं असेल त्याचं. मी सगळं म्हणून बघितलं. पोरीचं लग्न करीन म्हटलं, तुमच्या आईला सांभाळीन म्हटलं. नाही शिवला. शेवटी दर्भाचा कावळा केला." मग तिनं वर बघितलं. "भाऊ, तू जवळ होतास. गल्लीत म्हणतात तो बेफिकीर होता. ज्या माणसानं बारा वर्षं दिवसाला शंभर गाठी मारल्या, त्याची स्वतःची गाठ कशी सुटली?"

आता सांगायचं होतं. यासाठीच तर तो आला होता. बसमध्ये त्यानं पन्नास वेळा घोकलं होतं. सुकदेवनं तोंड उघडलं, आणि ऐका त्यानं काय सांगितलं ते.

"दोर ओला होता, वहिनी," तो म्हणाला. "त्यानं घाईत बांधला असेल."

म्हणजे पुन्हा तेच. मेलेल्या माणसाच्या घरात, त्याच्या बायकोच्या हातचं पाणी पिऊन, दुसऱ्यांदा तेच. सुकदेव मला सांगायचा, मास्तर, गरनाळ्यात वाटली नाही एवढी भीती मला त्या क्षणी माझीच वाटली.

पार्वती उठली. पेटी अंधारातून ओढून बल्बखाली आणली, आणि दोर सोडायला वाकली.

वाकली ती वाकलेलीच राहिली.

सुकदेवनं बघितलं. त्याची दुहेरी गाठ नव्हती. हातभर शेपटंही नव्हती. काथ्याच्या त्या जाड, खरखरीत दोराला एक गाठ होती... बारीक. चपटी. वळसा उलटा. शेपटं तोडलेली, कापलेली नाही, तोडलेली, टोकं चावलेली. आणि ती दोन टोकं ओली होती. बल्बच्या उजेडात चमकत होती.

बारा वर्षं नवऱ्याच्या हातचं कापड बघितलेली बाई ती. तिनं बोट लावलं. मागे घेतलं. बोटाला करडं काहीतरी लागलं होतं. मग ती सुकदेवकडे वळली आणि हळूच विचारलं.

"ही गाठ कोणी मारी?"

तोच प्रश्न. तेच शब्द. मुकादमानं विचारलेले.

सुकदेवजवळ दुसरं उत्तरच नव्हतं.

"त्यानीच," तो म्हणाला.

मग सुकदेवनं दोन्ही हात जमिनीवर टेकले, तिच्या पायाजवळ, आणि म्हणाला, "ही त्यानी मारी, वहिनी. ती... ती मी मारलेली होती. धरणावरची. मागावरची गाठ मारली मी त्याच्या पाठीला. आणि वर म्हटलं, त्यानीच."

ती ओरडेल, मारेल, गल्ली गोळा करेल, असं त्याला वाटलं. तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं त्याला. ती खाली बसली. कात्री बाजूला ठेवली. पेटीवर हात ठेवून बसून राहिली. पहाट व्हायला आली तेव्हा एवढंच म्हणाली, "मले सांगीसन काय. नळवर सांग."

म्हणजे मला सांगून काय उपयोग. नळावर जाऊन सांग.

एक जानेवारी, रविवार, सकाळी सहा. गल्लीच्या नळावर चाळीस-पन्नास माणसं बादल्या घेऊन उभी. सुकदेव मध्ये उभा राहिला आणि त्यानं सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता. गाठ कोणी मारली, का सुटली, खोटं कोण बोललं, कागदावर काय लिहिलं. त्याची बायको रंजना रांगेत होती, ती बादली तिथेच टाकून घरात गेली. कोणी त्याला शिवी दिली नाही. सगळे फक्त आपापल्या बादलीत बघायला लागले, आणि नळ वाहत राहिला.

तो म्हणाला, "मास्तरनी शिकाडेल गाठ." बोट नाही दाखवलं त्यानं, दोष नाही दिला, नुसतं सांगितलं. मी पाचव्या नंबरला उभा होतो, पोरांनो. मी पुढे होऊन म्हणायला पाहिजे होतं की हो बाबा, मी शिकवली, जाड गाठीला मीच हसायला शिकवलं तुम्हाला, बोटांवर पट्ट्या मारून. मी म्हणालो नाही. पाणी भरलं आणि घरी आलो. सुकदेवची लाज सगळ्या गल्लीनं बघितली. माझी मी बादलीतून घरी घेऊन गेलो.

त्या दुपारी पार्वती पुन्हा तापीवर गेली. भात घेऊन, भटजी न घेता. कावळा शिवला का, ते तिनं कोणाला सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. सुकदेव परत मागावर उभा राहिला नाही. आता मार्केटात हमाली करतो, गाठोडी उचलतो. त्याला बांधायला सांगा, बांधत नाही.

पेटी? आहे की. पार्वतीच्या घरात, खाटेखाली. उघडलेली नाही. तिनं पहिल्या दिवशी प्रयत्न केला, नखानं, सुईनं, गाठ हलेना. कात्री तर हातातच होती, पण दोर कापायचा नाही म्हणाली.

चार वर्षं झाली याला. काथ्या कसा वाळून कोळ झालाय, हात लावला तर भुसा पडतो. परवा तिच्या पोरीच्या साखरपुड्याला गेलो होतो. सगळे जेवायला बसले होते तेव्हा मी खाटेपाशी वाकलो. म्हाताऱ्याचं काही पडलंय, असं वाटलं असेल बघणाऱ्याला. दोर सगळा कोरडा. गाठीपाशी बोट नेलं...

ओली आहे अजून. गार. सिमेंटवर मारतात तसं कोणीतरी रोज पाणी मारत असावं.